रेषा कोठे ओढावी?

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)

व्याख्या लिहा, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला चुकला आहे? पर्वत म्हणजे काय, पठार म्हणजे काय, वाळवंट म्हणजे काय, हे आपण पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि दोन गुण पदरात पाडून घेतो. टेकडी किती उंच झाली म्हणजे तिला डोंगर म्हणायचे आणि डोंगराचा पर्वत नेमका कोणत्या फुटाला होतो, असा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो विचारला की व्याख्येचा सारा डोलारा डळमळू लागतो.

हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर विचारला. टेकड्यांविषयी नव्हे, जिवंत प्राण्यांविषयी. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना तो एका रेषेमुळे माहीत असतो. इंडोनेशियाच्या नकाशावर बाली आणि लोंबोक या बेटांमधून वर जाणारी वॉलेस रेषा आम्ही नकाशात आखतो. विज्ञान शाखेच्या मित्रांना तो डार्विनच्या नावाला जोडून आलेला दुसरा मनुष्य म्हणून ठाऊक असतो. ग्रंथालयात त्याच्याविषयी जे मिळाले ते वाचत गेले तेव्हा मला त्याची एक वेगळीच गोष्ट सापडली. ज्याच्या नावाची रेषा जगप्रसिद्ध झाली, त्या माणसाचे खरे मोठेपण रेषा कोठे ओढता येत नाहीत हे सांगण्यात होते. तीच गोष्ट मी येथे सांगणार आहे.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. वडील कायदा शिकलेले होते, पण वकिली न करता जवळच्या पैशांवर राहिले आणि चुकीच्या व्यवहारांत ते पैसे हळूहळू गमावून बसले. घर मोठे, मुले पुष्कळ आणि मिळकत दरवर्षी कमी. परिणामी चौदाव्या वर्षाच्या आसपास आल्फ्रेडची शाळा सुटली ती कायमची. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधीच पाहिले नाही. लंडनमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या भावाजवळ तो काही महिने राहिला. तेथे कामगारांसाठी चालवलेल्या संस्थेत संध्याकाळी व्याख्याने होत, वर्तमानपत्रे व पुस्तके मिळत. त्या खोलीत त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे फुकटच्या वाचनालयात बसून जग समजावून घेणारा हा मुलगा मला परका वाटला नाही.

पुढे थोरल्या भावाबरोबर तो जमीन मोजणीच्या कामाला लागला. साखळी घेऊन वेल्सच्या डोंगरांत हिंडावे, शेताच्या हद्दी कागदावर उतरवाव्यात, हे त्याचे काम. हद्द म्हणजे काय, ती प्रत्यक्ष जमिनीवर कोठे असते आणि कागदावर कशी येते, हे त्याने विशीच्या आतच पाहिले. फावल्या वेळात स्वस्तातले वनस्पतिशास्त्राचे पुस्तक विकत घेऊन तो रानातील झाडे ओळखू लागला. १८४४ मध्ये मोजणीचे काम मंदावले तेव्हा लेस्टर येथे त्याने शाळामास्तरकी पत्करली. तेथील ग्रंथालयात दोन महत्त्वाच्या भेटी घडल्या. एक भेट पुस्तकाची, माल्थसच्या लोकसंख्येवरील निबंधाची. दुसरी माणसाची, हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाची. बेट्सला भुंगेरे जमवण्याचा नाद होता. एका लहानशा गावाच्या परिसरात भुंगेऱ्यांच्या शेकडो जाती मिळतात हे पाहून वॉलेस थक्क झाला. इतक्या जाती कशासाठी, आणि त्या आल्या तरी कोठून, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला.

त्या काळचे बहुतेक विद्वान यावर एक सोपे उत्तर देत. प्रत्येक जाती परमेश्वराने वेगळी निर्माण केली आणि ती होती तशीच राहिली, असे ते उत्तर. जातीच्या आत थोडेफार बदल होतात. कोणी उंच, कोणी बुटके, कोणाचा रंग गडद. त्यांना वाण किंवा प्रकार म्हणावे. वाण निसर्गक्रमाने होतात, जाती मात्र ईश्वराने केलेल्या. व्याख्या तयार होती, पाठ करायला सोपी होती. अडचण एवढीच होती, की समोर ठेवलेला भुंगेरा जाती आहे की वाण, हे त्या व्याख्येवरून सांगता येत नसे.

१८४८ च्या एप्रिलमध्ये वॉलेस आणि बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे निघाले. दोघांजवळही पैसा नव्हता. जमवलेले नमुने लंडनच्या दलालाकडे पाठवायचे, त्याने ते संग्रहालयांना व हौशी श्रीमंतांना विकायचे आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा, अशी व्यवस्था होती. चार वर्षे वॉलेस त्या नद्यांवर हिंडला. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पिवळ्या तापाने मरण पावला. १८५२ मध्ये तो स्वतः परत निघाला, तर भर समुद्रात ६ ऑगस्ट रोजी जहाजाला आग लागली. जमवलेले नमुने, टिपणे, रेखाटने डोळ्यांदेखत जळाली. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्यांना उचलले. दलालाने विमा उतरवला होता म्हणून उपासमार टळली, एवढेच.

अशा माणसाने पुन्हा समुद्राचे नाव काढू नये. वॉलेसने मात्र लंडनला पोचल्यावर त्याच वर्षी ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. त्यात त्याने दाखवले, की मोठ्या नद्या या माकडांच्या हद्दी आहेत. एका काठावर एक जाती, तर पलीकडच्या काठावर तिच्याशी अगदी मिळतीजुळती दुसरी. म्हणून नमुना कोणत्या काठावर मिळाला हे लिहून ठेवलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्याआधीचे संग्राहक ॲमेझॉनचे खोरे एवढेच लिहून मोकळे होत. प्राणी कोणता याबरोबरच तो कोठला हे विचारणारा जमीनमोजणीदार आता प्राणिशास्त्रात आला होता.

१८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला उतरला आणि पुढची आठ वर्षे मलाया द्वीपसमूहात राहिला. बोर्निओ, सुलावेसी, मोलुक्का, न्यू गिनी. छोट्या होड्यांतून सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास झाला. सारावाकचा अली नावाचा तरुण त्याचा मुख्य सहायक होता. पुष्कळसे पक्षी त्यानेच टिपले. आठ वर्षांत एकूण १,२५,६६० नमुने जमले. त्यांत ८३,२०० भुंगेरे, १३,१०० फुलपाखरे व पतंग आणि ८,०५० पक्षी होते. हे आकडे वाचताना आपण दिपून जातो. पण एवढे नमुने जमवण्याचा एक तोटा असतो. संग्राहकाजवळ एका फुलपाखराचा एकच नमुना असेल तर तो निर्धास्तपणे म्हणू शकतो, की ही एक जाती. त्याच फुलपाखराचे दहा बेटांवरचे शंभर नमुने पेटीत शेजारी शेजारी मांडले, की त्याची झोप उडते. पहिला आणि शंभरावा अगदी वेगळे. पण मधला प्रत्येक आपल्या शेजाऱ्यासारखा. मग सीमा कोठे?

१८५५ मध्ये सारावाक येथे पावसाळ्याच्या दिवसांत त्याने एक निबंध लिहिला. त्याचे सार असे, की प्रत्येक नवी जाती तिच्याशी जवळचे नाते असलेल्या जुन्या जातीच्याच प्रदेशात आणि तिच्या काळाला लागूनच अवतरते. याचा अर्थ सरळ होता: जाती एकमेकींपासून निघतात. पुढल्या वर्षी जूनमध्ये बालीहून लोंबोकला जाताना त्याला ते प्रसिद्ध नवल दिसले. मध्ये वीसेक मैलांची सामुद्रधुनी. एका बेटावरून दुसरे दिसते. पण बालीवर आशियातील तांबट आणि सुतार पक्षी, तर लोंबोकवर ऑस्ट्रेलियाकडचे पांढरे काकाकुवा. या दोन बेटांमधला समुद्र खोल आहे. हिमयुगात समुद्राची पातळी उतरली तेव्हा बाली आशियाला जमिनीने जोडले गेले, लोंबोक मात्र वेगळेच राहिले. वॉलेसने ही सीमा नकाशावर दाखवली आणि १८६८ मध्ये हक्सलेने तिला वॉलेसचे नाव दिले. तेव्हा रेषा ओढण्यास तो भीत होता असे कोणी समजू नये. जेथे निसर्गानेच खोल दरी ठेवली आहे तेथे त्याने ठळक रेषा ओढली. जेथे ती नाही तेथे ओढण्याचे त्याने नाकारले.

१८५८ च्या जानेवारीत त्याचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. फारसे कोणी त्याची आठवण काढीत नाही, पण मला ते त्याच्या विचाराचा गाभा वाटते. त्यात त्याने विद्वानांना पेचात पकडले. काही वाण पिढ्यान्‌पिढ्या कायम राहतात हे सर्वांना मान्य होते. हे कायम वाण निसर्गाने झाले आणि जाती ईश्वराने केल्या, असे म्हणायचे तर दोहोंत काही मूलभूत फरक दिसायला हवा. पण दोघांत जो फरक दिसतो तो फक्त कमीजास्तपणाचा. थोडा फरक असला तर वाण, जास्त असला तर जाती. मग केवळ रतीभर फरकावरून एक निसर्गाची निर्मिती आणि दुसरी ईश्वराची, असे कसे म्हणावे? निसर्गाने जर लहान फरक घडवता येतो तर मोठाही घडवता येईल. व्याख्येतली फट त्याने दाखवली आणि त्या फटीतून साऱ्या इमारतीचा पाया दिसू लागला.

पुढच्याच महिन्यात, हिवतापाने फणफणलेला असताना, त्याला माल्थस आठवला. जन्मतात पुष्कळ आणि जगतात थोडे. जे परिस्थितीला अधिक जुळतात ते टिकतात. अशा रीतीने वाण मूळ रूपापासून दूर दूर सरकत जातात. ताप उतरताच त्याने निबंध लिहून काढला आणि तर्नाते बेटावरून डार्विनकडे पाठवला. डार्विन वीस वर्षे हाच विचार मनात घोळवीत होता. १८ जून १८५८ रोजी हे टपाल हाती पडताच तो हादरून गेला. मित्रांनी तोड काढली आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. वॉलेसला त्याआधी विचारण्यात आले नव्हते. तो न्यू गिनीच्या किनाऱ्यावर आजारी पडून होता. याबद्दल त्याने पुढे कधी कुरकुर केली नाही. १८८९ मध्ये या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला नावही डार्विनचेच दिले. काही लेखक याला भोळेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. डार्विनने वीस वर्षे पुरावा गोळा केला आहे याची त्याला जाणीव होती आणि ती त्याने मान्य केली.

डार्विनचा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात निघाला आणि जगभर वादळ उठले. वॉलेस १८६२ मध्ये परतला. येथे बहुतेक चरित्रे त्याला बाजूला ठेवतात. पण जातीच्या व्याख्येची खरी परीक्षा त्याने यानंतर घेतली. १७ मार्च १८६४ रोजी त्याने लिनियन सोसायटीत मलायातील मोठ्या फुलपाखरांच्या एका कुलावर निबंध वाचला. त्यातील एक फुलपाखरू आपल्याही ओळखीचे आहे. अंगणातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर त्याच्या अळ्या पोसतात. पंख काळे आणि नराच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. इंग्रजीत त्याला कॉमन मॉर्मन म्हणतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला निळा मॉर्मन याचाच भाऊबंद.

या फुलपाखराचे सारे नर एकसारखे असतात, माद्या मात्र तीन तऱ्हेच्या. एक नरासारखीच, दुसरीच्या पंखांवर पांढरे व तांबडे डाग, तिसरी त्याहून वेगळी, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागील पंखांवर तांबड्या ठिपक्यांच्या ओळी असलेली. बहुरूपी तरी आणखी काय करतो! लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात या एकाच फुलपाखराला दोन जाती समजून दोन नावे दिली होती. वॉलेसने दाखवले, की या सर्व एकाच जातीच्या माद्या. एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात. दुसऱ्या व तिसऱ्या रूपाचे कारणही त्याने सांगितले. ईश्वरीसारख्या विषारी वेलींवर वाढणारी जी फुलपाखरे असतात, त्यांना पक्षी तोंड लावीत नाहीत. या माद्या त्यांचे रूप घेऊन वावरतात, म्हणून वाचतात. यालाच अनुकृती म्हणतात, आणि ती कल्पना प्रथम मांडली होती त्याच्या जुन्या मित्राने, बेट्सने. ही किमया एका जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांमुळे होते, हे २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. एका रानवेड्याची शोधयात्रा या पुस्तकामुळे मराठी वाचकांना हे नाव परिचित आहेच.

आता अडचण पाहा. दिसण्यावरून जाती ठरवावी, तर या तीन माद्या तीन जातींच्या ठरतात आणि ते चूक आहे. उलट काही जाती दिसायला इतक्या सारख्या असतात, की त्या एकच वाटतात आणि तेही चूक ठरते. म्हणून दिसणे हा निकष बाद. मग दुसरा निकष घ्यावा, संकराचा. ज्यांच्या मीलनातून पुढे प्रजा होऊ शकेल अशी संतती होते ती एक जाती. वॉलेसने हाही निकष उलटून पाहिला. हजारो जातींपैकी किती जोड्यांवर हा प्रयोग करून पाहता येईल? दहा हजारांत एकीवरही नाही. शिवाय वेगळ्या जातींचा संकर वांझच असतो हे आधी गृहीत धरायचे आणि मग संकर वांझ आहे म्हणून जाती वेगळ्या ठरवायच्या, हे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच आधी धरून चालणे झाले. एकमेकांत न मिसळणे हा निकष घ्यावा, तर तो एकाच ठिकाणी राहणाऱ्यांनाच लागू. दोन बेटांवरची फुलपाखरे भेटलीच नाहीत तर मिसळणार कशी? सारे निकष तपासून तो अशा निष्कर्षाला आला, की खरी जाती आणि ठळक वाण यांना वेगळे करणारे अचूक साधन आपल्याजवळ नाही.

ध्यानात घ्या, की हे सांगणारा मनुष्य नमुने विकून पोट भरत होता. नवा, दुर्मीळ नमुना म्हणजे चार पैसे अधिक. प्रत्येक बेटावरच्या फुलपाखराला नवी जाती म्हणून मिरवणे त्याच्या फायद्याचे होते. तरीही त्याने बहुरूपता, स्थानिक रूपे, उपजाती असे पायऱ्या पायऱ्यांचे वर्गीकरण केले आणि शेवटच्या पायरीपाशी थांबून प्रामाणिकपणे हात जोडले.

ही अडचण वॉलेसच्या अज्ञानामुळे होती काय? नव्या शास्त्राने ती मिटवली काय? पूर्णपणे नाही. १९४२ मध्ये एर्न्स्ट मायर याने आज पाठ्यपुस्तकांत असलेली व्याख्या रूढ केली. निसर्गात आपसांत प्रजनन करणारे, वा करू शकणारे, आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेले समूह म्हणजे जाती. व्याख्या उत्तम आहे. पण मीलनावाचून, नुसत्या विभाजनाने वाढणाऱ्या जिवाणूंना ती कशी लावायची? जीवाश्मांचे काय? पुढे वीसहून अधिक वेगवेगळ्या व्याख्या सुचवल्या गेल्या. तिबेटच्या पठाराभोवती राहणारा एक लहानसा हिरवट वटवट्या आहे. पठाराच्या दक्षिणेकडून पश्चिमेला व पूर्वेला जावे तसे त्याचे गाणे थोडे थोडे बदलत जाते. दोन्ही टोके सायबेरियात भेटतात, तेव्हा तेथले पक्षी एकमेकांशी जोडी जमवीत नाहीत. पुढील जनुकीय अभ्यासांत या साखळीतले काही दुवे मधल्या काळात तुटले होते असेही दिसले. तरी प्रश्न उरतोच. टोकांना पाहावे तर दोन जाती, साखळीने चालत जावे तर एक.

आपल्याकडे म्हणतात, बारा कोसांवर भाषा बदलते. सावंतवाडीपासून नागपूरपर्यंत गावोगाव चालत जाणाऱ्याला कोणत्याही शिवेवर बोली अचानक पालटलेली आढळणार नाही. पण सावंतवाडीचा मनुष्य एकदम नागपुरात उतरला तर कान टवकारील. जातींचे तसेच आहे. जर एका जातीतून दुसरी सावकाश निघत असेल, तर कोणत्याही क्षणी काही जाती अर्ध्या वाटेवर असणारच. व्याख्येची ही अडचण म्हणजे उत्क्रांतीचा पुरावाच. साऱ्या जाती काटेकोर चौकटींत बसल्या असत्या, तर वॉलेस आणि डार्विन खोटे ठरले असते.

हा केवळ पंडितांचा वाद आहे असे मात्र समजू नये. आफ्रिकेतला हत्ती दीर्घकाळ एकच जाती म्हणून मोजला जाई. २०२१ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाने रानातला आणि गवताळ प्रदेशातला हत्ती अशा दोन जाती प्रथमच वेगळ्या मोजल्या, तेव्हा रानातला हत्ती अतिसंकटग्रस्त असल्याचे स्पष्ट झाले. एकत्र मोजणीत त्याचे संकट झाकले जात होते. रेषा कोठे ओढली जाते यावर कोण वाचणार हे ठरू शकते.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे त्याकडे वळते. मराठी विज्ञानग्रंथांत या कल्पनेला शब्द आहे जाती. आणि आपल्या समाजात, आपल्या अर्जांत, आपल्या लग्नांत जो शब्द आहे तोही जातच. आंब्याची जात, म्हशीची जात आणि माणसाची जात आपण एकाच दमात बोलतो. त्यामुळे नकळत असे वाटू लागते, की जशा निसर्गात जाती आहेत तशाच माणसांतही आहेत. वॉलेसचे निकष येथे लावून पाहावेत. निसर्गातल्या दोन जातींना एकमेकींत मिसळू नका असे सांगण्यासाठी पंचायत बसवावी लागत नाही. तांबट सुतार पक्ष्याशी सोयरीक करायला निघालेला नाही. माणसांत मात्र मनाई करावी लागते, वाळीत टाकावे लागते आणि तरीही माणसे सीमा ओलांडतातच. ज्या गोष्टीला मनाई करावी लागते ती घडू शकते, हाच पुरावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म आपसांतच लग्ने करण्याच्या बंधनात आहे आणि हे बंधन माणसांनी लादलेले आहे, असे त्यांनी त्यात दाखवले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. वॉलेसचा मृत्यू होऊन अडीचच वर्षे झाली होती. दोघांचे विषय निराळे, पण दोघेही एकाच ठिकाणी बोट ठेवतात: समोरची रेषा कोणी ओढली ते आधी विचारा.

वॉलेसची प्रत्येक बाब निर्दोष होती असे म्हणणे खोटेपणाचे होईल. फुलपाखरांत रेषा ओढण्यास कचरणाऱ्या या माणसाने मलाया द्वीपसमूहातील माणसांमध्ये मात्र मलय आणि पापुआन असे दोन मूलतः भिन्न वंश मानले आणि त्यांच्यामध्येही नकाशावर रेषा ओढली. आज त्या बेटांवरच्या लोकांच्या जनुकांत पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश बदलत जाणारे मिश्रण दिसते. जो न्याय त्याने फुलपाखरांना दिला तो माणसांना देताना त्याची नजर आपल्या काळाने बांधली. तो आत्म्यांशी संवाद करणाऱ्यांच्या नादी लागला, पुढे देवीच्या लशीविरुद्ध लिहू लागला. पण त्याच माणसाने १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथाच्या शेवटी, या बेटांवरील साध्या समाजांत माणसे परस्परांशी जितक्या समतेने वागतात तितकी धनाढ्य इंग्लंडात वागत नाहीत, असे आपल्या देशबांधवांना ऐकवले. जमीन राष्ट्राची व्हावी म्हणून १८८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा तो अध्यक्ष झाला. तरुणपणी साखळी घेऊन मोजलेल्या हद्दी कोणाच्या फायद्याच्या होत्या, हे तो विसरला नव्हता.

पैसा त्याच्याजवळ कधी टिकला नाही. कायमची नोकरी मिळाली नाही. वर्षानुवर्षे तो परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून घर चालवीत असे. १८८१ मध्ये डार्विनच्या खटपटीने सरकारने त्याला वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले तेव्हा कोठे त्याची ओढाताण थांबली. १९०८ मध्ये इंग्लंडचा फार मोठा सन्मान, ऑर्डर ऑफ मेरिट, त्याला मिळाला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ब्रॉडस्टोन या गावी तो वारला. त्याच्या थडग्यावर दगड झालेल्या एका प्राचीन वृक्षाचे खोड उभे केले आहे.

हा माणूस उत्तरपत्रिका तपासताना जातीच्या व्याख्येला किती गुण देत असेल, असा विचार मला पुष्कळदा येतो. पाठ केलेली व्याख्या जशीच्या तशी उतरवणाऱ्याला तो गुण नाकारीत नसेल. नियम तसा होता. पण व्याख्येच्या खाली ती कोठे लागू पडत नाही हे एका ओळीत लिहिणारा विद्यार्थी त्याला भेटला असता, तर म्हातारा सुखावला असता. व्याख्या लागतातच, त्यांच्यावाचून मोजणी होत नाही, शास्त्र चालत नाही. फक्त त्या आपण केलेल्या आहेत आणि नव्या पुराव्यासमोर त्या पुसून पुन्हा आखाव्या लागतात, हे लक्षात असावे. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञ तसे करीत आले आहेत. माणसांच्या बाबतीत ते काम आपल्या पिढीकडे अजून शिल्लक आहे.